कुंकू मशीनला लावतात

आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत मी एकेकाळी महासंगणक बांधला होता. महासंगणक हा शब्द माझा. घरातले त्याला 'व्हिडिओ गेम' म्हणत, शेजारचे 'पोरीचे डबे' म्हणत, आणि आई, जिचे कांदे-बटाटे त्या खोलीतून हलवावे लागले होते, ती काय म्हणायची ते इथं लिहीत नाही. दारावर मी स्केचपेननं पाटी करून लावली होती: 'उच्च क्षमता संगणन प्रयोगशाळा. चपला बाहेर काढाव्यात.' त्या पाटीचा उपयोग कोणालाच झाला नाही, कारण आत फक्त आई यायची, आणि आई घरात चपला घालतच नाही.

मी कोण ते आधी सांगते. त्या दिवसांत मी ते कोणी न विचारताही सांगायची. आजोबा भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून भिलाईला आले आणि तिथल्या स्टील प्लांटमध्ये लागले. बाबाही प्लांटमध्येच, क्रेन ऑपरेटर. कॉलेजात गेलेली मी घरातली पहिली. नुसती गेले नाही, पास होऊन बाहेर आले, आधी बी.एस्सी., मग एम.एस्सी. याचा मला फार अभिमान होता, अजूनही आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. फक्त तेव्हा तो जरा जास्तच होता. भाजीवाला वजनात घोळ करायला लागला की माझ्या तोंडी 'मी कॉम्प्युटर सायन्सची पोस्ट-ग्रॅज्युएट आहे' हे वाक्य यायचं. भाजीवाला म्हणायचा, "अच्छा दीदी, तो धनिया फ्री ले जाओ." मला वाटायचं, बघा, शिक्षणाची किंमत आहे.

तर ही पोस्ट-ग्रॅज्युएट एका कॉलेजात कंत्राटावर लॅब सांभाळायची. तिथल्या एका सरांचं काम जमिनीखालच्या पाण्यावर होतं. शिवनाथ नदीपासून आमच्या वस्त्यांपर्यंत खालचं पाणी कसं सरकतं, उन्हाळ्यात कुठल्या बाजूच्या विहिरी आधी तळ गाठतात, हे त्यांना कॉम्प्युटरवर मांडायचं होतं. हिशेब दांडगा होता. कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर तो लावला की दिवस-दिवस चालायचा, आणि संध्याकाळी शिपाईकाका नियमाप्रमाणे मेन स्विच बंद करून घरी जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. नदीचं पाणी आमच्या कॉम्प्युटरमध्ये कधी काठ सोडून पुढे आलंच नाही.

मग मी इंटरनेटवर वाचलं की बाहेरदेशी लोक घरी खेळायचे व्हिडिओ गेमचे डबे एकमेकांना जोडून मोठाले हिशेब करतात. त्या पिढीच्या डब्यात जो प्रोसेसर होता, तो त्या काळच्या मानानं राक्षस होता, आणि त्यात गेमऐवजी लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टीम, टाकता येत होतं. मी सरांना म्हटलं, "सर, आपला हिशेब मी व्हिडिओ गेमवर करून देते." सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "करा. त्यापेक्षा वाईट तर काही होणार नाही."

एवढ्यावर मी पेढे वाटायच्या बेतात होते.

डबे मिळाले भिलाईतच, रिसाली भागात. तिथलं एक गेम पार्लर बंद होत होतं आणि मालक सगळं सामान मिळेल त्या भावात काढत होता. ते डबे जुने होते आणि पार्लरमध्ये नेट नव्हतं, म्हणून त्यांच्यात कंपनीचं कुठलंच नवं अपडेट कधी गेलं नव्हतं. माझ्यासाठी हीच सोन्याची गोष्ट होती. कारण कंपनीनं पुढच्या एका अपडेटमध्ये लिनक्सचा दरवाजा कायमचा बंद करून टाकला होता. जुना डबा उघडा, नवा डबा बंद. एकदा का नवं अपडेट गेलं की दरवाजा गेला. मागे फिरायची सोय नाही. मालकानं विचारलं, "कौन सा गेम खेलोगी, बेटा?" मी म्हटलं, "अंकल, इनपे गेम नहीं खेलना है." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चार सायकली घेऊन जाते पण चालवणार नाही म्हणाले.

चार डबे, कॉलेजच्या भंगारातलं एक नेटवर्क स्विच, आणि आईची मसाल्याच्या बरण्यांची लोखंडी रॅक. झाला महासंगणक. प्रत्येक डब्यावर मी लाल कागद चिकटवला, त्यावर मोठ्या अक्षरांत: 'अपडेट करू नये.' प्लांटमध्ये दुरुस्तीला काढलेल्या मशीनवर लाल टॅग लटकवतात, तसा. बाबांना बरं वाटेल असं मला वाटलं. बाबा म्हणाले, "रॅक वाकडी हाय."

नकाशा मी चार पट्ट्यांत कापला. चार भावांत शेत वाटावं, तसा एकेका डब्याला एकेक पट्टा दिला. आपल्या पट्ट्यातलं पाणी ज्यानं त्यानं सांभाळायचं, आणि प्रत्येक पायरीनंतर धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, काय चाललंय ते शेजारच्याला सांगायचं. शेजाऱ्याचं उत्तर आल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. हे सगळं मी बाबांना जेवताना समजावलं. आतल्या प्रोसेसरचंही समजावलं: "बाबा, प्रत्येक डब्यात एक मुकादम आणि सहा मजूर आहेत. मजूर जबरदस्त चपळ. पण त्यांचा जेवणाचा डबा एवढासा असतो. दोन घास संपले की पुन्हा वाढावं लागतं, नाही तर हात बांधून बसतात."

"अन् वाढते कोण?"

"ते मला प्रोग्राममध्ये लिहावं लागतं."

"म्हणजे तू चोवीस जणाइले वाढून राहिली," बाबा म्हणाले, "अन् घरात तुही माय वाढून राहिली तुले."

आईनं माझ्या ताटात भात जरा जोरातच वाढला.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे वर्षाचा मोठा दिवस कुठला, असं विचारलं तर लोक दिवाळी म्हणतील, पण माझ्या लहानपणीचा मोठा दिवस विश्वकर्मा पूजेचा. त्या दिवशी प्लांटच्या गेटातून घरच्या लोकांना आत सोडत. बाबांची शॉप, म्हणजे कामाची शेड, धुऊन काढलेली, मशीनला हार, कुंकू, अक्षता, बुंदीचा प्रसाद. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आम्हाला त्या भल्यामोठ्या क्रेनखाली उभं करत आणि वर बोट दाखवून म्हणत, "ही माही क्रेन." तीच क्रेन तीन पाळ्यांत तीन जण चालवायचे, आणि तिघंही आपापल्या घरच्यांना 'माही क्रेन' म्हणून दाखवायचे. एकदा तर तिघांची कुटुंबं एकाच वेळी खाली उभी होती आणि कोणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

मला ते हवं होतं. दुसरं काही नको होतं. कोणीतरी मान वर करून बघावं आणि मी म्हणावं, ही माझी मशीन. रॅक मांडीएवढी उंच होती, तेव्हा मान खाली करावी लागली असती, पण चाललं असतं. मुख्य म्हणजे बाबांनी तिला मशीन म्हणावं.

पूजेच्या आदल्या आठवड्यात बाबा दाढी करत असताना मी विचारलं, "बाबा, यंदा माझ्याही मशीनची पूजा करा ना."

बाबा आरशातूनच बोलले. "कोणती मशीन?"

"मागच्या खोलीतली."

"ते गेमचे डबे?"

"ते आता गेमचे नाहीत. त्यात लिनक्स आहे."

"काही का असंना. कुंकू मशीनले लावते माणूस. खेळण्याले नाई लावत."

मी तिथंच एक व्याख्यान दिलं. समांतर संगणन म्हणजे काय, जगात काय काय चाललंय, सगळं. बाबांची दाढी संपली, माझं संपलं नाही. तोंड पुसता पुसता ते म्हणाले, "हे पाह्य. जे बंद पडलं का सगळ्याइचं काम अडते, ते मशीन. माही क्रेन थांबली तं अख्खी शॉप वर पाहात उभी राहते. तुहे डबे बंद पडले तं कोणाचं काय अडते, सांग?"

"सरांचा हिशेब."

"तो तं पहिलेही होत नव्हता."

मी तावातावानं मागच्या खोलीत गेले आणि पाटी जरा सरळ केली.

पूजेचा दिवस आला तेव्हा हिशेब शेवटाकडे पोचला होता. पाणी नदी सोडून, दुर्ग ओलांडून आमच्या वस्त्यांच्या अंगाला सरकलं होतं. चारही डब्यांचे पंखे घूं-घूं करत होते. आकडे सोमवारी सरांना द्यायचे होते. त्यांना ते पुढं कुठल्या बैठकीत मांडायचे होते.

सकाळी आम्ही प्लांटमध्ये जाऊन आलो. सोबत मामा आणि मामी. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, रेल्वेत गार्ड होते, सगळी नोकरी नागपूर-दुर्ग लाइनवर, आणि रिटायर होऊन दुर्गला पद्मनाभपुरात घर बांधून राहिलेले. गणवेश गेला होता, गार्ड गेला नव्हता. आमच्या घरून निघताना रिक्षावाल्यालासुद्धा ते हात हलवून सिग्नल द्यायचे, मगच रिक्षा हलायची.

प्लांटमधून घरी आल्यावर मामा खुर्चीवर टेकले आणि मला म्हणाले, "काय वो बाई, कुठं हाय तुही मशीन?"

मशीन म्हणाले. बाबांच्या समोर. मला इतकं भरून आलं की मी त्यांना पाण्याआधी सरबत दिलं.

मागच्या खोलीत सगळे जमले: मामा, मामी, बाबा, शेजारच्या काकू. मी टीव्हीवर आकडे दाखवले. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे वरून खाली पळत होते. मामांनी बराच वेळ पाहिलं.

"हे संपते कधी?"

"आज संध्याकाळपर्यंत."

"मंग काय दिसते?"

"मग आकडे थांबतात."

"बाप रे," मामी म्हणाल्या. त्यांना कौतुक वाटलं की कीव आली, ते मला कळलं नाही.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "बेटा, इसमें वो गाड़ी वाला गेम नहीं है क्या?" मी म्हटलं, नाही काकू, ह्याच्यावर गेम चालत नाही. "व्हिडिओ गेम पे गेम नहीं चलता?" काकू बाबांकडे वळून म्हणाल्या, "भाई साहब, ये तो ख़राब दे दिया दुकान वाले ने."

बाबा छताकडे बघत होते. वर क्रेन नव्हती, पंखा होता.

मामांनी झोळीतून एक पुडकं काढलं. "अवं, सकाळी जवाईबापूच्या क्रेनले नारळ चढवला. तुह्या मशीनले काय चढवाव? म्हणून दुर्गात दुकानदाराले विचारलं. त्यानं हे देल्लं. क्रिकेटचा हाय. एकदम नवा, कालच आला म्हणे."

गेमची डिस्क होती. नवी कोरी, चकचकीत वेष्टनातली. 'नवा' हा शब्द ऐकून माझे कान टवकारायला हवे होते, कारण नव्या गेमच्या डिस्कवरच कंपनीचं नवं अपडेट येतं, त्याला नेट लागत नाही. पण माझ्या कानात अजून 'मशीन' वाजत होतं. शिवाय पूजेच्या दिवशी वडीलधाऱ्यानं मशीनला चढवायला आणलेली वस्तू परत कशी करणार? त्यातून तिथं काकूंसमोर बाबांची इज्जत जात होती. मी विचार केला, हिशेब आत्तापर्यंतचा साठवून घेऊ, चौथा डबा जरा वेळ गेमच्या बाजूला घेऊ, मामा चार चेंडू खेळतील, मग पुन्हा लिनक्स. बाकीचे तीन डबे तोवर धुऱ्यावर उभे राहतील. टीव्ही चौथ्यालाच जोडलेला होता, म्हणून चौथा.

आणि लाल कागद? ते तिथं नव्हते. पूजेसाठी मशीन पुसतात, म्हणून आईनं पहाटेच ओल्या फडक्यानं चारही डबे स्वच्छ पुसले होते आणि चिकटलेले कागद खरवडून काढले होते. बाबा कुंकू लावणार नसले म्हणून काय झालं, सणाच्या दिवशी चिटोरे लटकवून ठेवायचे का, असं तिचं म्हणणं. प्लांटमध्येही त्या दिवशी असंच सगळं चकाचक करतात. माझे डबे आयुष्यात पहिल्यांदा मशीनसारखे दिसत होते.

मी हिशेब साठवला, डबा गेमच्या बाजूनं चालू केला, डिस्क सरकवली. तेवढ्यात आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "पुऱ्या निंघून राहिल्या वो, घेऊन जा पहिले!" मी म्हटलं, "दोन मिनिटांत येते. कोणी काही दाबू नका."

हे वाक्य मी स्पष्ट, मोठ्यानं आणि शुद्ध मराठीत म्हटलं होतं. याला साक्षीदार आहेत.

पण मी गेल्यावर बाबांनी जे केलं, ते प्लांटमध्ये कोणीही केलं असतं. पूजा झाली की मशीनचं बटन सगळ्यात वडील माणसाच्या हातानं दाबतात. रिमोट मामांच्या हातात होता. बाबा म्हणाले, "मामा, तुमी मोठे हाय. तुमच्याच हातानं चालू होऊ द्या."

मी पुऱ्यांचं ताट घेऊन परत आले तर टीव्हीवर एक पट्टी हळूहळू भरत होती.

"मामा, हे काय दाबलं?"

"येस."

"कावून?"

"त्यानं विचारलं होतं मले."

"काय विचारलं होतं?"

"लंबी इंग्रजी होती," मामा शांतपणे म्हणाले. "इतकी लंबी, म्हणजे काहीतरी कामाचंच असंन. खाली येस अन् नो. आता शुभ कामात नो म्हणाव का? गाडी तयार हाय, सिग्नल पडला हाय, गार्डानं झेंडी नाई दाखवाची तं काय कराव?"

ती लंबी इंग्रजी मला तोंडपाठ होती. तिचा अर्थ एवढाच: हे अपडेट घेतलं तर तुमची दुसरी सिस्टीम कायमची जाईल, चालेल का? मामांनी चालेल म्हणून सांगितलं होतं.

मी प्लगकडे झेप घेतली आणि अर्ध्यात थांबले. असं मध्येच तोडलं तर डबा पार मेला असता, ना गेमचा ना लिनक्सचा. पडद्यावरही तेच लिहिलेलं होतं. म्हणून पुऱ्यांचं ताट हातात धरून मी उभी राहिले. पट्टी सरकत होती. मला अशी ताट धरून उभी बघून मामींना वाटलं हा पूजेचाच भाग आहे, त्यांनी हात जोडले. त्यांना पाहून काकूंनी डोक्यावर पदर घेतला. पट्टी पूर्ण भरली तेव्हा मामांनी टाळ्या वाजवल्या.

क्रिकेट सुरू झालं. मामा पहिल्याच चेंडूवर आउट झाले.

मी रिमोट मागून घेतला आणि मेनूत गेले. जिथं दुसऱ्या सिस्टीमचं नाव असायचं, तिथं ते नव्हतं. मी पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत एवढ्या काळजीनं मी काही वाचलं नव्हतं. चौथ्या पट्ट्याचे साठवलेले आकडे त्याच डब्याच्या पोटात होते, आणि त्या पोटाचं दार गेलं होतं. सगळ्या पट्ट्यांची एक नक्कल दुसरीकडे ठेवावी, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवत असे. वहीत अधोरेखित करून घेत असे.

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही पद्मनाभपूर पुसलं."

"मी? मी तं सकाळी तिथूनच आलो."

"नकाशातलं. चौथ्या डब्यात तोच भाग होता."

मामांचा चेहरा उतरला. "माह्या घरासगट?"

"घरासकट, विहिरीसकट."

"मंग पाणी येईन ना आमाले?" मामींनी घाबरून विचारलं. बाबा पहिल्यांदा हसले, आणि मग माझं तोंड पाहून थांबले.

जेवणं झाली. मी पुऱ्यांना हात लावला नाही. आईनं ते पाहिलं आणि माझं ताट झाकून ठेवलं. मामा पडवीत बसून मधून मधून "येस दाबलं ना मी" एवढंच पुटपुटत होते, जणू त्यांच्या हातून एक्स्प्रेस चुकीच्या लाइनवर गेली होती. दुपार कलल्यावर सरांचा फोन आला. घरात जागा कमी, त्यामुळे बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं.

"नाही सर. थांबलंय... चौथा डबा गेला... नाही, बाकीचे तीन चालू आहेत, पण ते पुढे जात नाहीत. चौथ्याच्या उत्तराची वाट बघून राहिलेत... हो, मला कळतं, बैठक... हो सर, तुमचे दोघं विद्यार्थी थांबलेत, माहिती आहे मला... सर, सध्या सगळंच अडलंय."

फोन ठेवला तर बाबा दारात उभे.

"काय झालं?"

"काही नाही."

"मी ऐकलं. तो एक बंद पडला तं बाकीचे कावून थांबले?"

"सांगितलं होतं ना तुम्हाला. शेजाऱ्याचं ऐकल्याशिवाय कोणी पुढे जात नाही."

"अन् सर?"

"सर थांबले. त्यांची पोरं थांबली. त्यांची बैठक थांबेल." आणि मग आवाज जरा वर गेला माझा, ते मी नाकारत नाही. "सगळं थांबलं, बाबा. झालं? आता कांदे ठेवा इथं."

बाबा माझ्या बाजूनं आत आले, रॅकपुढं उकिडवे बसले. तीन डब्यांचे पंखे फिरत होते, दिवे लुकलुकत होते, आणि काम काडीचं होत नव्हतं. बाबांनी एकाच्या पाठीवर हात ठेवून पाहिलं. गरम होता.

"एक बंद पडला," ते म्हणाले, "अन् कॉलेजातले लोकं बी हात बांधून बसले?"

"हो."

"मंग हे पहिले कावून नाई सांगितलं?"

"तुम्ही ऐकलं कुठं..."

पण ते उठून गेले होते. आले ते हातात पूजेचं ताट घेऊन. सकाळचंच ताट, क्रेनचं. कुंकू थोडं ओलं झालेलं, तळाशी अक्षता. इस्त्रीचा शर्ट त्यांनी अजून काढला नव्हता. पहिल्या डब्याला त्यांनी अंगठ्यानं कुंकू लावलं, खालून वर, जसं क्रेनच्या हुकाला लावतात तसं. मग अक्षता. मग दुसरा, मग तिसरा. इतकं कुंकू कोणी इलेक्ट्रॉनिक वस्तूला लावत नाही, त्यातून थेट हवेच्या जाळीवर तर नाहीच नाही. शास्त्रीय कारणं सगळी माझ्या जिभेवर होती. मी एक शब्द बोलले नाही. मला वाटतं पोस्ट-ग्रॅज्युएट झाल्यापासून ती पहिलीच वेळ.

चौथ्याजवळ बाबा थांबले.

"ह्याले नाई," ते म्हणाले. "हा आता खेळणं झाला."

आणि पडवीकडे तोंड करून ओरडले, "मामा! या इकडे. जो खेळाचा हाय, तो खेळू आता!"

मामांचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळपर्यंत दोघं क्रिकेट खेळत होते. बाबांना धाव काढता यायची, थांबता यायचं नाही. मामा प्रत्येक धावेला हिरवी झेंडी दाखवायचे आणि मग दोघंही धावबाद व्हायचे.

प्रोग्राम मी पुन्हा लिहिला, तीन पट्ट्यांचा. त्यात 'चार' हा आकडा मी इतक्या ठिकाणी घट्ट रोवून ठेवला होता की उपटता उपटता दिवाळी आली. रॅकवरचा एखादा डबा कधी कमी होईल हे माझ्या अभिमानाला सुचलंच नव्हतं. सरांची ती बैठक हुकली, पुढची मिळाली. पद्मनाभपूर नकाशावर परत आलं तेव्हा मी मामांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, "विहीर पण?" मी म्हटलं, विहीर पण. "मंग ठीक हाय," ते म्हणाले, जणू इतके दिवस विहीर माझ्याकडेच अडकून होती.

आज माझ्या हातातला फोन त्या चारही डब्यांच्या वरचढ आहे आणि त्यावर मी मुख्यतः रिक्षा बोलावते. पण ते तीन डबे पुढं बरेच दिवस चालले. मधल्या डब्याच्या पंख्यात बाबांच्या हातची एक अक्षता अडकली होती. चालू केला की खुडखुड, खुडखुड करायचा. आई म्हणायची, काढ तो तांदूळ. मी काढला नाही. त्या डब्याचे स्क्रू उघडायला वेगळा स्क्रूड्रायव्हर लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता, हे मी सगळ्यांना सांगितलेलं कारण आहे.